तरुण शास्त्रज्ञ कोणास म्हणावे?

अमेरिकेत 'बायोफिजिकल सोसायटी' या नावाची जीवभौतिकशास्त्रज्ञांची एक मोठी संस्था आहे. तिची स्थापना १९५८ साली झाली. ही संस्था प्रतिवर्षी जी पारितोषिके देते, त्यांत 'मायकेल आणि केट बारानी पारितोषिक' म्हणून एक आहे. जो अद्याप पूर्ण प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेला नाही, परंतु ज्याने जीवभौतिकशास्त्रात मोलाची भर घातली आहे, अशा संशोधकास ते दिले जाते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना असे वाटेल की, गावोगाव जातीच्या दाखल्यांचे, शिष्यवृत्त्यांचे, स्मशानभूमीचे आणि विहाराच्या जागेचे प्रश्न लोंबकळत पडले असता, या पाक्षिकाने सातासमुद्रापलीकडच्या एका पारितोषिकासाठी आपले रकाने का खर्ची घालावेत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, या पारितोषिकाच्या नावात आणि त्याच्या एका साध्या अटीत आमच्या मुलामुलींच्या हक्काचा एक प्रश्न दडलेला आहे. आणि तो आम्ही उपस्थित केला नाही, तर आमच्या वतीने दुसरे कोणी उपस्थित करील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

प्रथम हे शास्त्र कशाचे आहे ते पाहू. सजीवांच्या शरीरात जे जे घडते, ते पदार्थविज्ञानाच्या नियमांनी आणि मोजमापांनी समजून घेणे म्हणजे जीवभौतिकशास्त्र होय. हमाल पाठीवर पोते घेतो, माउली जात्याचा खुंटा ओढते, मजूर पहार उगारतो, तेव्हा दंडातील स्नायू आखडतो. तो कसा आखडतो? स्नायूत मायोसिन व ॲक्टिन या दोन प्रथिनांचे अतिसूक्ष्म तंतू असतात. हे तंतू स्वतः आखूड होत नसून एकमेकांवरून सरकतात, ही उपपत्ती १९५४ साली ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन या जोडीने आणि अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगर्के या दुसऱ्या जोडीने स्वतंत्रपणे मांडली. सरकण्याची शक्ती ए. टी. पी. नावाचे द्रव्य फोडून मिळते आणि ते फोडण्याचे काम मायोसिन करते. मायकेल बारानी यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या १४ स्नायूंतून मायोसिन वेगळे काढले आणि १९६७ साली असे दाखवून दिले की, ज्या स्नायूतील मायोसिन ए. टी. पी. अधिक वेगाने फोडते, तो स्नायू त्या प्रमाणात अधिक वेगाने आखडतो. स्नायूशास्त्रात हा शोध आजही पायाभूत समजला जातो.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दंडांच्या जोरावर या देशाचे ओझे वाहिले, त्या समाजाला हे श्रमाचे शास्त्र परके वाटण्याचे वस्तुतः काहीच कारण नाही. श्रम आमच्याकडे सोपवावेत आणि श्रमाचे शास्त्र इतरांनी करावे, अशी विभागणी निसर्गाने केलेली नाही. ती माणसांनी केली आणि तिला धर्माचा आधार दिला. तो आधार आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झुगारून दिला.

आता ज्या दांपत्याचे नाव या पारितोषिकास आहे, त्यांचा विचार करू. मायकेल आणि केट बारानी हे हंगेरी देशातील ज्यू. त्यांच्या देशाने १९२० साली एक कायदा केला. विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांत निरनिराळ्या वंशांचे व राष्ट्रकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक असू नये, अशी त्यात तरतूद होती. कायद्याच्या शब्दांत ज्यूंचे नाव नव्हते. परंतु रोख त्यांच्यावरच होता. त्यांची लोकसंख्या सुमारे सहा टक्के असल्याने ज्यू विद्यार्थ्यांस विद्यापीठाचे दार तेवढेच किलकिले ठेवण्यात आले. १९२८ साली हा कायदा काहीसा सैल करण्यात आला, परंतु १९३८ पासून अधिक कठोर ज्यूविरोधी कायदे एकामागून एक आले. एडवर्ड टेलर यांच्यासारख्या बुद्धिमान तरुणांस १९२६ साली शिक्षणासाठी जर्मनीची वाट धरावी लागली. पुढे १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांच्या आतच हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना देशाबाहेर नेण्यात आले. त्यांतील बहुतेकांची रवानगी ऑशविट्झ येथील मृत्युछावणीत झाली. मायकेल आणि केट हे या संहारातून वाचलेल्या थोड्यांपैकी होत.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. आमच्या राखीव जागांविरुद्ध ओरड करणारे लोक 'प्रमाण' हा शब्द ऐकताच म्हणतात, "पाहा, जातवार प्रमाण ठरविणे हे हंगेरीतील त्या कायद्यासारखेच अन्यायाचे आहे." हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो, पण तो टिकणारा नाही. हंगेरीचा कायदा हे छप्पर होते. इतक्याहून अधिक तुम्ही वर जाता कामा नये, असे तो सांगत होता. आमच्या राज्यघटनेतील तरतूद ही जोते आहे. इतक्याहून खाली तुम्हांस कोणी ढकलता कामा नये, एवढेच ती सांगते. राखीव जागांखेरीज खुल्या जागांवरही गुणांच्या बळावर प्रवेश घेण्यास आमच्या मुलास कोणतीही आडकाठी नाही. छपराला आणि जोत्याला एकच माप लावणारा मनुष्य एकतर घर बांधण्याच्या कामात अनभिज्ञ असला पाहिजे, किंवा त्याच्या मनात आमचे घर बांधले जाऊ नये असे असले पाहिजे.

बारानी दांपत्याने पुढे हंगेरी सोडली आणि अखेर ते अमेरिकेत स्थायिक झाले. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचे जॉर्ज आणि फ्रान्सिस हे दोन्ही पुत्र शास्त्रज्ञ झाले. मायकेल यांचा जन्म १९२१ चा. वर सांगितलेला शोध १९६७ चा. म्हणजे ज्या कार्यामुळे ते विशेष ओळखले जातात, ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय ४५ च्या आसपास होते. तारुण्याची जी वर्षे इतर देशांतील विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत घालविली, ती हंगेरीतील ज्यू तरुणांकडून कायद्याने, वेठीच्या पलटणींनी आणि छावण्यांनी हिरावून घेतली होती. अशा मनुष्याची योग्यता त्याच्या जन्मतारखेवरून ठरविणे म्हणजे लुटारूने केलेल्या लुटीचा हिशेब लुटल्या गेलेल्याच्या खात्यावर मांडणे होय.

या पार्श्वभूमीवर त्या पारितोषिकाची अट पाहावी. तीत वयाची मर्यादा नाही. तुम्ही किती वर्षांचे आहात हे ती विचारत नाही. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात, एवढेच विचारते. अट घालणाऱ्यांचा हेतू काहीही असो, तिचा परिणाम असा आहे की, ज्यास पहिल्या पायरीपर्यंत येण्यासच उशीर झाला, त्याचा हक्क त्या उशिरामुळे बुडत नाही. आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचे सार हेच आहे.

आपल्या देशात तरुण शास्त्रज्ञांचा गौरव बहुधा जन्मतारखेने मोजतात. १९५७ साली स्थापन झालेले शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक हे या क्षेत्रातील सर्वांत मानाचे. त्यास ४५ वर्षांची मर्यादा होती, आणि २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या 'विज्ञान युवा' या राष्ट्रीय पुरस्कारासही तीच आहे. तरुण शास्त्रज्ञांसाठी असलेली इतर कित्येक पदके पस्तिशीच्या वा चाळिशीच्या आतच अडकलेली असतात. शिष्यवृत्त्यांचीही तीच गोष्ट. परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती देते, तिच्यासाठी अर्जदार ३५ वर्षांच्या आत असावा लागतो.

वयाची मोजणी सर्वांना सारखीच लागू आहे, मग तीत अन्याय कोठे आला, असे कोणी विचारील. अन्याय येथे आहे की, घड्याळ सर्वांचे सारखे चालत असले तरी ते सर्वांसाठी एकाच क्षणी सुरू होत नाही. भारतातील जीवभौतिकशास्त्राचे अध्वर्यू जी. एन. रामचंद्रन यांचे उदाहरण घ्या. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी १९५४ साली मद्रास येथे मांडली; प्रथिनांच्या घडणीचा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख १९६३ साली प्रसिद्ध झाला; मधल्या काळात, १९६१ साली, त्यांस भटनागर पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रतिभेविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्यांचे वडील महाविद्यालयात गणित शिकवीत होते, ही गोष्टही विसरता येत नाही. अशा घरात मुलाचे शास्त्रीय शिक्षण पाळण्यातच सुरू होते. आमच्या घरातील मुलाचे ते पुष्कळदा महाविद्यालयात गेल्यावर सुरू होते, कारण प्रयोगशाळा म्हणजे काय हे तो तेथेच प्रथम पाहतो.

त्याची वाट कशी असते ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. गावच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक नसतो, असला तर उपकरणे नसतात. बारावीनंतर कोणती परीक्षा द्यावी हे सांगणारे घरात कोणी नसते. दाखल्याच्या पडताळणीसाठी हेलपाटे घालण्यात महिने जातात. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर आली नाही म्हणजे एखादे वर्ष कोठेतरी नोकरी करावी लागते. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, घराचे कर्ज यांचा भार त्याच्यावरच पडतो. एवढे सारे ओलांडून तो पीएच.डी. होतो, तेव्हा त्याच्या बरोबरीच्या सुखवस्तू विद्यार्थ्याहून तो चार-पाच वर्षांनी मोठा असतो. त्या वेळी त्यास सांगण्यात येते की, "तुझे काम उत्तम आहे, परंतु तरुण शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याचे तुझे वय उलटून गेले आहे!" ज्या समाजव्यवस्थेने त्याची वर्षे खाल्ली, तीच व्यवस्था त्याच्या हातात वयाचा दाखला मागते.

आमच्या बौद्ध बांधवांच्या बाबतीत तर ही वर्षे सरकारी कागदावर मोजून दाखविता येतात. धम्मदीक्षेनंतर केंद्र सरकारच्या दृष्टीने आपण अनुसूचित जातींत राहिलो नाही, कारण १९५० च्या आदेशात ही ओळख धर्माशी बांधलेली होती. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. केंद्राने मात्र आदेशात दुरुस्ती केली ती १९९० साली! म्हणजे १९५६ पासून ३४ वर्षे, एक संपूर्ण पिढी, आपल्या धर्मांतराची किंमत केंद्रीय शिष्यवृत्त्या व नोकऱ्या गमावून मोजीत राहिली. जातीचा कलंक समाजाने पुसला नव्हता, पण कलंकाबद्दलची भरपाई तेवढी सरकारने पुसून टाकली होती. त्या पिढीतील किती मुले शास्त्रज्ञ झाली असती याची मोजदाद आता कोणी करू शकणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली ते लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांस अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यास अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळाली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून त्यांनी पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य झाले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. त्यांस १९२३ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी मिळाली, कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडली ती १९२७ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी. अर्धवट सोडलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडन विद्यापीठाने त्यांस मुदत दिली होती. ती न देता 'तुमचे वय झाले' असे म्हटले असते, तर नुकसान एका विद्यार्थ्याचे झाले नसते, साऱ्या देशाचे झाले असते.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, पारितोषिक हे गुणांचे असते, त्यात सवलतीची भाषा नको. आम्हांसही ती नको आहे. पारितोषिकात राखीव जागा ठेवा, अशी मागणी आम्ही करीत नाही. संशोधन खरे की खोटे, मोठे की लहान, हे शास्त्रज्ञांनी निष्ठुरपणे पारखावे. परंतु जन्मतारीख हा गुण नव्हे. ती गुणांच्या परीक्षेत घुसविली जाते तेव्हा गुणांचाच अपमान होतो. दुसरा आक्षेप असा की, वयाची मर्यादा काढली तर ज्येष्ठ लोकच सारी पदके पळवितील. हा धोका खरा आहे, पण त्यावरचा उपाय बारानी पारितोषिकाच्या अटीतच आहे. पदाची पायरी मोजा, किंवा पीएच.डी.नंतरची वर्षे मोजा. म्हणजे ज्येष्ठ आपोआप बाजूस राहतील आणि उशिरा आलेला नवोदित मात्र आत येईल.

याच संस्थेचे आणखी एक पारितोषिक आहे, आणि त्याकडे आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. मार्गारेट डेहॉफ या विदुषीने १९४८ साली कोलंबिया विद्यापीठाची, म्हणजे बाबासाहेबांच्याच विद्यापीठाची, डॉक्टरेट मिळविली. प्रथिनांच्या घटकक्रमांचा पहिला मोठा संग्रह त्यांनी सहकाऱ्यांसह १९६५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्या चाळिशीत पोहोचल्या होत्या. अमिनो आम्लांना एकेक अक्षराची जी खूण आज जगभर वापरली जाते, ती त्यांचीच देणगी. त्या या संस्थेच्या अध्यक्षाही झाल्या. १९८३ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाने, संशोधनाच्या प्रारंभीच्या टप्प्यावरील स्त्रियांसाठी, पारितोषिक ठेवण्यात आले. स्त्रियांना बुद्धी कमी म्हणून ते वेगळे ठेवलेले नाही. त्यांच्या मार्गात अडथळे अधिक, हे प्रामाणिकपणे मान्य केल्याची ती खूण आहे. बाळंतपण आणि संसार यांत ज्या मुलीची वर्षे जातात, तिच्या बाबतीत वयाची अट दुहेरी अन्याय करते, हे वेगळे सांगावयास नको.

शिष्यवृत्तीतील विलंब ही क्षुल्लक कारकुनी बाब आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी रोहित वेमुला या तरुणाचे स्मरण करावे. हैदराबाद विद्यापीठातील या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी आपले जीवन संपविले. विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हावे, ही त्याची आकांक्षा होती. आपले सात महिन्यांचे विद्यावेतन येणे आहे, ही नोंदही त्याच्या अखेरच्या पत्रात आहे. एकाच पत्रात ताऱ्यांची ओढ आणि थकलेल्या पैशांचा हिशेब एकत्र यावा, यातच आमच्या विद्यार्थ्यांची अवस्था पुरती दिसून येते.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तरुण संशोधकांची पारितोषिके व अनुदाने देताना केंद्र सरकारने व विज्ञान अकादमींनी वय न मोजता पदवीनंतरची वर्षे मोजावीत. विद्यावेतन वा दाखला देण्यास कचेरीकडून जितका विलंब होईल, तितका काळ अर्जदाराच्या मुदतीतून वजा करावा. मातृत्वासाठी खंड पडलेल्या स्त्रियांस तेवढी मुदत वाढवून द्यावी. यांत भिक्षा कोठेही नाही. हा हिशेबाचा प्रामाणिकपणा आहे.

परंतु मागण्या करून आपले कर्तव्य संपत नाही. नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी स्वतः कराव्यात. मुलगा वा मुलगी दहावीत असतानाच दाखल्यांची तजवीज करावी. केंद्राच्या कामासाठी लागणाऱ्या दाखल्यात नुसता 'बौद्ध' असा उल्लेख पुरत नाही, १९५० च्या आदेशातील मूळ जातीचाही उल्लेख लागतो, हे नीट तपासून घ्यावे. ज्या नावाचा आपण त्याग केला ते कागदावर पाहून मनास यातना होतात, हे आम्ही जाणतो. पण तो कागद आपल्या श्रद्धेचा नाही, आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. दुसरे असे की, विज्ञानात गोडी असलेल्या मुलास पदवी हातात पडताच मिळेल त्या नोकरीला जुंपू नये. घराची ओढाताण होईल हे खरे. तरीही कुटुंबाने, नातलगांनी आणि वस्तीने मिळून एका मुलाची दोन-तीन वर्षे सांभाळणे अशक्य नाही. तिसरे असे की, विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास मुलांच्या विज्ञानासाठी द्यावा. वस्तीतील जो कोणी विज्ञान शिकला असेल त्याने तो घ्यावा.

भगवान बुद्धांनी कालामांस सांगितले की, परंपरेने आले म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय चालते? ज्या धम्माने प्रश्न विचारण्यास पाप मानले नाही, त्या धम्माच्या अनुयायांची मुले शास्त्रज्ञ होणे हे त्या धम्मास धरूनच आहे. ती उशिरा पोहोचतील, कारण त्यांस उशिरा निघू देण्यात आले. पोहोचल्यावर त्यांचे काम पाहा. त्यांची जन्मतारीख पाहू नका, एवढेच आमचे सांगणे आहे.

जयभीम!